खिल्लारे सरांचं भेव

खिल्लारे सरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते टेबलावर उभे असलेले.

गोरेगावच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायला रुजू होऊन मला दोनच दिवस झाले होते. सातवीच्या वर्गातून आरडाओरडा ऐकू आला म्हणून मुख्याध्यापक धावले आणि त्यांच्यामागे मी. दारातून पाहते तर सगळी मुलं बाकांवर चढलेली. मास्तरांच्या टेबलावर एक उंचापुरा, मिशाळ माणूस हातात खडू घेऊन उभा, आणि फळ्याखाली एक लांबलचक साप. ती धामण होती, हे नंतर कळलं. त्या वेळी तो नुसता साप होता.

मुख्याध्यापक म्हणाले, "खिल्लारे, अहो फौजी माणूस तुम्ही. काठी घ्या की."

टेबलावरचा माणूस शांतपणे म्हणाला, "मला भेव वाटून राहिलं सर. लेकरांनाबी वाटून राहिलं, म्हणून आमी सगळे वर चढलो. तुमी दारातून बाजूला व्हा. त्याला जायला वाट द्या."

आम्ही बाजूला झालो. साप थोडा वेळ भिंतीच्या कडेनं फिरला आणि आपल्या वाटेनं निघून गेला. सर खाली उतरले, लहान पोरांना हात देऊन उतरवलं आणि मोसमी वाऱ्यांचा धडा जिथं थांबला होता तिथून पुढं सुरू केला. मी दारातच उभी होते. "मला भीती वाटते" हे वाक्य मिशा असलेल्या माणसाच्या तोंडून मी तोवर ऐकलं नव्हतं.

सर मूळचे जवळच्याच साखरा गावचे. घर बौद्ध, हातावर पोट असलेलं. विशीच्या आत ते फौजेत गेले. तिथं ते गाड्या चालवायचे, चारही चाकं ओढतात अशा मोठ्या गाड्या, आणि बरीच वर्षं राजस्थानच्या वाळवंटात. परत आल्यावर राहिलेलं शिक्षण पुरं केलं आणि भूगोलाचे मास्तर झाले. फौजेतल्या दोन गोष्टी त्यांच्या अंगात राहिल्या होत्या. बुटांना रोज पॉलिश, आणि चहा पिताना कुणाशी बोलायचं नाही. चहा ते बशीत ओतत, डोळे मिटून पीत, आणि बशी खाली ठेवल्यावरच जगात परत येत. शिक्षकांच्या खोलीत त्यांची थट्टा चाले. कुणी म्हणे, सरकारनं सर भितात म्हणून सीमा बंद केली. सर सगळ्यांच्या आधी हसत.

पहिल्या तासाला, नव्या वर्गात, ते पोरांना नावगाव विचारत नसत. तुला कशाचं भेव वाटतं, असं विचारत. पोरं आधी छाती काढून म्हणत, कशाचंच न्हाई. मग सर स्वतःची यादी सांगत. विहिरीत डोकावायचं, लोंबणाऱ्या वीजतारेचं, साहेबाच्या बायकोचं. पोरं हसत आणि मग हळूहळू बोलत. एका वर्षी शेवटच्या बाकावरच्या एका पोरानं खाली बघत सांगितलं, "बापाचं." वर्ग हसला, सर हसले नाहीत. त्या दिवसापासून ते संध्याकाळी त्या पोराच्या घरी जाऊन बसू लागले. काही समजावलं नाही, रागावले नाहीत. बापाशी पावसापाण्याचं बोलायचे, मिळाला तर चहा प्यायचे, दिवेलागणीला उठायचे. पुढं पुढं तो बापच सरांची वाट बघू लागला. पोराच्या अंगावर पुन्हा वळ दिसले नाहीत. मी एकदा सरांना विचारलं की तुम्ही त्याला सांगितलंत तरी काय? ते म्हणाले, "काही न्हाई. संध्याकाळच्याला माणूस घरी एकटा नसावा, बस."

वाळवंट शिकवायला लागले की मात्र शेजारच्या वर्गातली पोरंही खिडकीला येत. पुस्तकात होतं की तिथं पाऊस जवळजवळ पडत नाही. सर ती ओळ वाचायला लावत आणि म्हणत, जवळजवळ. आता त्या जवळजवळमधी काय होतं ते ऐका.

वाळवंटात मोठा पाऊस झाला की वाळू दबते, घट्ट होते, गाडी मजेत चालते. भेव वाळूचं नाही. भेव असतं ते मधल्या सपाट, पांढऱ्या जागांचं. तिथं पाणी मुरत नाही. ऊन पडलं की वर पापडी धरते आणि खाली नुसतं लोणी. एकदा असाच मोठा पाऊस होऊन गेला आणि साहेबांनी हुकूम केला की वळसा नको, सरळ पांढऱ्यावरून काढा. सर खाली उतरले. काठी खुपसून पाहिली, टाच दाबून पाहिली आणि परत येऊन सांगितलं, "साब, मुझे डर लग रहा है."

साहेब भडकले. सरांना चाकावरून उतरवलं आणि दुसऱ्याला बसवलं. गाडी हाकेच्या अंतरावर गेली आणि चाकांच्या आसापर्यंत रुतून बसली. तिला ओढायला दुसरी गेली, ती तिच्या शेजारी बसली. शेवटी लांबच्या वस्तीवरून उंट आणावे लागले. चारही चाकांची ताकद असलेल्या दोन गाड्या उंटांनी ओढून काढल्या. उंट कसा दात दाखवत ओढत होता, ते सर वर्गात करून दाखवत.

"मग साहेबांनी तुमाला शिक्षा केली का?" पोरं दरवर्षी विचारत.

साहेब कितीतरी दिवस बोलले नाहीत, सर सांगत. पण नंतर नवी जमीन लागली की गाडी थांबवायचे आणि विचारायचे, "खिल्लारे, डर लग रहा है?" सर नाही म्हणाले की मगच पुढं जायचे.

पंचाहत्तर-शहात्तरच्या सुमाराची गोष्ट. त्या वर्षी आमच्या शाळेतून पाच मुली बोर्डाच्या परीक्षेला बसल्या होत्या. केंद्र हिंगोलीला. मुलगे परीक्षेपुरते हिंगोलीत खोली करून राहिले, मुलींना कुणी राहू देईना. तेव्हा उस्मानभाईंनी मार्ग काढला. गावात त्यांचं भुसारीचं दुकान. फौजेनं लिलावात काढलेली एक जुनी जीप त्यांनी घेतली होती, डाव्या हाताला चाक असलेली. त्यांची रझिया त्या पाचांतलीच. रोज सकाळी जीप पोरींना नेणार, पेपर झाला की आणणार. बाईमाणूस सोबत हवं म्हणून मी जात होते. शिवाय शोभाचे वडील बापूराव रोज मागं बसून येत. गावातले वजनदार गृहस्थ, बागायत मोठी, आवाज त्याहून मोठा.

गोरेगावापासून कनेरगाव नाक्यापर्यंत कच्चा रस्ता, काळ्या रानातून गेलेला. नाक्यावर डांबरी लागली की हिंगोली काही लांब नाही. पहिले पेपर नीट झाले. बीजगणिताच्या आदल्या दिवशी दुपारीच आभाळ भरलं आणि मार्च महिन्यात गारांचा असा पाऊस झाला की अंगणं पांढरी झाली. रात्रभर पाणी पडत होतं. पहाटे उघडलं.

सकाळी उस्मानभाईंच्या दारात आम्ही जमलो तर ड्रायव्हरचा पत्ता नाही. तो ओढ्यापलीकडच्या वस्तीवर राहायचा, अडकला असणार. उस्मानभाई हवालदिल झाले होते. रझिया ओठ चावत कंपासपेटी उघडत-मिटत होती. तेवढ्यात खिल्लारे सर आले, विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पाय अनवाणी, बूट वर्तमानपत्रात गुंडाळून काखेत. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. उस्मानभाईंनी किल्ली त्यांच्या हातात ठेवली आणि म्हणाले, "ले जाव सर. गाडी की फिकर नक्को करो."

सरांनी जीपभोवती एक फेरी मारली, चाकांची थोडी हवा सोडली. वाळूत असंच करतात, म्हणाले. मग आत बसून गिअरच्या शेजारचा छोटा दांडा ओढला आणि चारही चाकं लागली. मी पुढं, मागं पोरी आणि बापूराव. निघालो.

गाव सुटेपर्यंत ठीक होतं. काळं रान लागलं आणि जीप रस्त्यावरून चालेना, तरंगू लागली. चाक एकीकडं, गाडी दुसरीकडं. सर ब्रेकला पाय लावत नव्हते, वेग वाढवत नव्हते, नुसते चाक हळूहळू फिरवत होते. थोडं पुढं गेल्यावर चिखल चाकांना असा चिकटला की चाकं फिरेनात. खाली उतरून आम्ही तो खुरप्यानं आणि काठ्यांनी खरवडून काढला. बापूरावांनी सांगितलं की ही हवा सोडायची अक्कल वाळवंटात ठेवा, काळ्या मातीत फुगलेलं चाक बरं. सर म्हणाले, बराबर हाय तुमचं, चुकलं माझं. पण आता पंप कुठून आणणार? तसेच पुढं गेलो.

नाल्याशी आलो तेव्हा साडेआठ होऊन गेले होते. नाल्यावरच्या बुटक्या फरशीपुलावरून पाणी चाललं होतं, गढूळ, फार खोल दिसत नव्हतं. पलीकडं रस्ता चढून गेलेला दिसत होता. तिथून नाका जवळच.

सर उतरले. बाभळीची काठी घेऊन पाण्यात शिरले, गुडघ्यापर्यंत गेले, थांबले, परत आले. पुन्हा गेले, पुन्हा परत आले. मग जीपला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "मला भेव वाटून राहिलं. मी न्हाई घालत."

बापूराव खाली उतरले. आधी त्यांनी समजावलं. मग आवाज चढला. एवढं पाणी तर बैलगाडीही पार करते, म्हणाले. फौजेत पगार कशाचा खाल्ला, म्हणाले. त्यापुढं जे म्हणाले ते मी लिहीत नाही. त्यात सरांच्या भित्रेपणापेक्षा सरांच्या जातीचा उल्लेख जास्त होता. मला वाटलं, आता सर गाडी पाण्यात घालतील. अशा बोलण्यावर कुणीही घातली असती.

सरांनी किल्ली काढून खिशात टाकली.

"बापूराव, तुमचं बोलून झालं का?" ते म्हणाले. आवाज जरासुद्धा वर गेला नव्हता. "फरशीची पलीकडची कड काठीला लागत न्हाई. ती हाय का वाहून गेली, मला ठाव न्हाई. मागं पाच पोरी हायत, त्यात एक तुमची हाय. पोहत मी एकटा जाईन. ह्यांना घेऊन न्हाई जाणार."

मागं शोभा रडायला लागली होती. रझिया उतरून सरांच्या पुढ्यात उभी राहिली.

"सर, मग पेपर?"

"पेपर बाकी हाय लेकरा. वाट बदलू, पेपर न्हाई बदलत."

त्यांनी जीप मागं घेतली आणि थोड्या अंतरावर रस्ता सोडून सरळ माळावर घातली. नाला वरच्या अंगाला उथळ होतो, तिथं दगडगोटे आहेत, हे बापूरावांनाही माहीत होतं. पण तो वळसा मोठा, आणि वाट अशी नव्हतीच. मुरमाड माळ मात्र पावसानं छान दबला होता. जीप दणके खात पण ठामपणे चालली. मला सरांचं वाळवंट आठवलं. ते बहुतेक तिथंच होते, कारण ओठांत काहीतरी गुणगुणत होते. गोट्यांवरून नाला पार झाला, पाणी चाकाच्या अर्ध्यालाही लागलं नाही. पोरी हसू लागल्या. एकीनं सूत्रं म्हणायला सुरुवात केली.

आणि मग माळ संपला. पुढं काळ्या रानाचा एक पट्टा, त्याच्या पलीकडं बाभळींची रांग आणि तिच्यामागून जाणारी मालमोटार दिसली. ती डांबरी. मध्ये एवढंच एक वावर. सरांनी जीप घातली आणि वीस-पंचवीस पावलांवर ती बसली. पुढं हलेना, मागं हलेना. आम्ही सगळ्यांनी ढकललं. बापूरावांनी धोतराचा काचा मारून खांदा लावला. चिखल उडून पोरींच्या वेण्यांपर्यंत गेला. जीप आणखी खाली बसली.

वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक म्हातारी उभी होती. गारांनी तिचा गहू आडवा केला होता आणि ती एकटीच त्याच्याकडं बघत होती. आम्हाला पाहून ती शिव्या देतच आली. तिचं चुकीचं नव्हतं. आधीच झोपलेल्या गव्हात आम्ही जीप घातली होती. सरांनी हात जोडले आणि काय झालं ते सांगितलं. ती थांबली. पोरींकडं पाहिलं, एकेकीच्या तोंडाकडं.

"परीक्षा? या पोरींची?"

"व्हय आई."

"पास झाल्यावर काय व्हतं?"

मग रझिया म्हणाली, "मास्तरीण होईन."

म्हातारीनं पदर खोचला. "मंग काहून उभ्या राहिल्या? पऱ्हाटी उचला."

बांधावर तिच्या पऱ्हाट्यांची गंजी होती, कपाशीच्या वाळल्या झाडांची. वर्षाचं सरपण. वरच्या ओल्या होत्या, आतल्या कोरड्या. ती आणि आम्ही कवेत धरून आणत होतो आणि चाकांपुढं पसरत होतो. सर जीप त्यावर चढवायचे, हातभर पुढं न्यायचे, आम्ही मागच्या उचलून पुढं टाकायचो. पऱ्हाटीचे खुंट हाताला लागत होते. म्हातारी सगळ्यांत पुढं होती आणि सरांना सांगत होती की घाई करू नको बापा, हळू घे. सर म्हणत होते, व्हय आई, हळूच घेऊन राहिलो.

जीपचं पुढचं चाक डांबरीला लागलं. सगळ्यांना एकदम दम लागला होता. मी मागं वळून पाहिलं. म्हातारी आपल्या मोडक्या गंजीजवळ उभी होती. तिनं हातानं नुसतं जा, जा केलं.

हिंगोलीला केंद्रावर पोचलो तेव्हा घंटा होऊन गेली होती. दारावरच्या पर्यवेक्षकांनी आमच्याकडं पाहिलं. पाच पोरी, केसांपर्यंत चिखल, हातात कंपासपेट्या तेवढ्या स्वच्छ. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि काही न विचारता दार उघडलं. उशिरा आलेल्यांना आत घ्यायची मुदत अजून संपली नव्हती. पोरी पळत गेल्या. पायऱ्यांवर त्यांच्या पावलांचे काळे ठसे राहिले.

समोरच्या लिंबाखाली चहाची गाडी होती. आम्ही तिघं तिथल्या बाकड्यावर बसलो. चहा आला. सरांनी नेहमीसारखा बशीत ओतायला घेतला आणि त्यांचे हात थरथरायला लागले. कप बशीवर वाजत होता. त्यांनी खाली ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा तेच. सकाळपासून ते हात चाकावर जरासुद्धा हलले नव्हते.

बापूराव बराच वेळ दुसरीकडं बघत होते. मग त्यांनी सरांच्या हातातून कप घेतला, चहा बशीत ओतला, फुंकर घातली आणि बशी दोन्ही हातांनी सरांच्या तोंडाशी धरली. सरांनी डोळे मिटले आणि प्यायले. बापूरावांनी उरलेला पुन्हा ओतला. मी माझ्या कपात बघत राहिले. नाल्यावरचं बोलणं त्यानं पुसलं गेलं असं मी म्हणणार नाही. पण नंतर गावात सरांचं नाव बापूरावांनी 'सर' लावल्याशिवाय घेतलेलं मी ऐकलं नाही.

पोरी बाहेर आल्या त्या हसतच. बीजगणित सोपं होतं. त्या सगळ्या एकदम बोलत होत्या आणि सर प्रत्येकीला एकच विचारत होते, भूक लागली का?

त्याच दिवशी दुपारी एक बैलगाडी त्या फरशीवरून सुखरूप पार झाल्याचं आम्हाला गावात आल्यावर कळलं. पाणी ओसरलं होतं, फरशी शाबूत होती. बापूरावांनी ही बातमी सरांना मुद्दाम घरी जाऊन सांगितली. पुढं कितीतरी वर्षं ते चारचौघांत सांगत. सर दर वेळी म्हणत, "बरं झालं, पार झाली." त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरच आनंद दिसे. आपण उगाच भ्यालो, याची त्यांना कधी लाज वाटली नाही. गाडीतला माणूस आणि बैल घरी पोचले, एवढंच त्यातून त्यांच्या मनात उरे.

चार मुली पास झाल्या. शोभा इंग्रजीत राहिली, म्हणजे माझ्या विषयात. ऑक्टोबरला तीही सुटली. म्हातारीला सरांनी पुढच्या पऱ्हाट्या निघाल्यावर साखऱ्याहून एक गाडी भरून पोचवली, आणि रझिया निकाल सांगायला तिच्याकडं पेढे घेऊन गेली. रझिया खरंच मास्तरीण झाली.

माझी बदली झाली, लग्न झालं, गोरेगाव मागं राहिलं. बऱ्याच वर्षांनी कामानिमित्त सेनगावला आले होते. सर निवृत्त होऊन साखऱ्याला राहतात, असं कळलं. दुपारच्या जीपनं गेले. घर गावाच्या कडेला, नवं, दोन खोल्यांचं. दार उघडं होतं. सरांच्या पत्नी अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी मला ओळखलं नाही, पण नाव सांगताच हात धरून आत नेलं.

सर खाटेवर झोपले होते. मिशा पांढऱ्या झालेल्या, तोंड थोडं उघडं, एक हात खाटेखाली लोंबणारा. त्यांच्या पोटावर डोकं ठेवून त्यांची चिमुरडी नात झोपली होती, आणि सरांच्या श्वासाबरोबर तिचं डोकं वर-खाली होत होतं. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, खिडकीतून वारा येत होता.

"उठवू का?" बाईंनी हळू आवाजात विचारलं.

मी नको म्हणाले. थोडा वेळ दाराशी उभी राहिले. मग त्यांनी दिलेल्या मूठभर शेंगा पदरात घेतल्या आणि परतीची जीप धरायला निघाले.